१३४ मीटर गेले कुठे?

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे ई-पत्र आले. तो सध्या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्फोक परगण्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी तेथल्या एका भटक्या मंडळाबरोबर पायी हिंडतो. त्या मंडळासाठी त्याने मोबाइलवर चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मोबाइल उपग्रहांच्या साहाय्याने आपले अक्षांश-रेखांश सांगतो. परंतु ब्रिटनमध्ये भटकणारी मंडळी कागदी नकाशावरील जागा राष्ट्रीय जाळीच्या आकड्यांत सांगतात. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे एवढेच त्या प्रोग्रामचे काम.

एका संध्याकाळी दलदलीच्या भागात, धुक्यात, मंडळातले एक वृद्ध गृहस्थ पाय घसरून पडले व त्यांचा घोटा मोडला. आमच्या या विद्यार्थ्याने मदतीसाठी दूरध्वनी केला आणि प्रोग्रामने दिलेले जाळीचे आकडे सांगितले. मदत करणारे लोक अगदी त्या आकड्यांवर येऊन उभे राहिले. पण ती जागा पाण्याच्या एका रुंद चराच्या पलीकडे होती! विजेऱ्यांचा उजेड दिसत होता, हाका ऐकू येत होत्या, पण पूल बराच लांब होता. ते गृहस्थ पाऊण तास थंडीत पडून राहिले. सुदैवाने आता बरे आहेत. पत्राच्या शेवटी मात्र विद्यार्थ्याने लिहिले होते, "सर, सूत्रे चारदा तपासली, गणित बरोबर आहे. तरी इथली प्रत्येक खूण सव्वाशे-दीडशे मीटरने सरकते, आणि नेहमी एकाच दिशेला."

"नेहमी एकाच दिशेला" हे शब्द वाचले आणि मला आमची प्रयोगशाळा आठवली. व्हर्निअर कॅलिपरचे जबडे मिटल्यावर शून्यासमोर शून्य येत नसेल, तर तुम्ही कितीही काळजीपूर्वक मापन करा, प्रत्येक माप तेवढेच चुकणार. हात थरथरल्याने होणारी चूक कधी इकडे, कधी तिकडे होते. शून्याची चूक एकाच बाजूला होते. विद्यार्थ्याचे गणित बरोबर होते. त्याच्या मोजपट्टीचे शून्य चुकले होते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी ही जाळी काय आहे ते पाहू.

अक्षांश-रेखांश हे कोन आहेत. कोनांनी जागा सांगता येते, पण अंतर काढणे त्रासाचे पडते, कारण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरांचा, तर ध्रुवावर शून्याचा असतो. त्यापेक्षा आलेखाच्या कागदासारखे सारख्या मापाचे चौरस नकाशावर आखले तर क्ष आणि य हे दोन आकडे मीटरमध्ये वाचता येतील, आणि दोन गावांतले अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने निघेल. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सर्वेक्षण खात्याची जाळी अशी आहे. १९३८ साली एका समितीने तिची शिफारस केली. मैल-फुटांच्या त्या देशात जाळी मात्र मीटरची निवडली गेली, हे विशेष!

अडचण एकच. पृथ्वी गोल, कागद सपाट. संत्र्याची साल टेबलावर पसरायची तर ती कुठेतरी फाटते किंवा ताणावी लागते. ब्रिटन हा देश दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. म्हणून तेथे अशी कल्पना केली आहे, की कागदाची नळी आडवी धरून पृथ्वीभोवती गुंडाळली आणि ती २ अंश पश्चिम रेखावृत्ताला लागून ठेवली. पृथ्वीवरील बिंदू त्या नळीवर उतरवायचे, आणि नळी उलगडायची. याला आडवा मर्केटर प्रक्षेप म्हणतात. (प्रत्यक्षात हे काम सूत्रांनीच होते, नळी ही समजुतीपुरती.) मधल्या रेखावृत्ताजवळ ताण फार थोडा, जसजसे दूर जावे तसतसा अधिक. कडेला ताण फार वाढू नये म्हणून सगळा नकाशा मुळातच ०.९९९६०१३ या गुणकाने आकसून घेतला आहे. त्यामुळे मधल्या रेषेवर एक किलोमीटर ४० सेंटिमीटरने कमी भरतो, दोन्ही बाजूंना सुमारे १८० किलोमीटरांवर तो बरोबर होतो, आणि त्याच्या पलीकडे थोडा जास्त भरतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नॉर्फोकच्या किनाऱ्यावर कॅस्टर नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या एका बिंदूचे गणित ऑर्डनन्स सर्व्हेने आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत सोडवून दाखवले आहे. नकाशाच्या हिशेबाने त्याचे अक्षांश ५२ अंश ३९ मिनिटे २७.२५ सेकंद उत्तर, आणि रेखांश १ अंश ४३ मिनिटे ४.५२ सेकंद पूर्व. कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर चला.

पहिली गोष्ट, मिनिटे-सेकंद दशांशात आणायचे. येथेच पुष्कळ जण घसरतात. १ अंश ४३ मिनिटे म्हणजे १.४३ अंश नव्हेत! ४३ ला ६० ने भागायचे, सेकंदांना ३६०० ने. उत्तर येते १.७१७९२ अंश. १.४३ धरलेत तर तुम्ही साडेएकोणीस किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडाल. त्याचप्रमाणे अक्षांश होतात ५२.६५७५७.

जाळीचा खरा आरंभबिंदू ४९ अंश उत्तर, २ अंश पश्चिम येथे आहे. तेथून उत्तरेकडे आपण ३.६५७५७ अंश आलो. या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश सरासरी १११.२३५ किलोमीटरांचा आहे. गुणाकार केला, मग आकसण्याचा गुणक लावला, की ४,०६,६८८ मीटर येतात. पूर्वेकडे आपण २ अंश पश्चिमेपासून १.७१७९२ अंश पूर्वेपर्यंत, म्हणजे एकूण ३.७१७९२ अंश आलो. कॅस्टरच्या अक्षवृत्तावर रेखांशाचा एक अंश ६७,६६१ मीटरांचा आहे. पुन्हा गुणाकार, पुन्हा तो गुणक. उत्तर सुमारे २,५१,४५६.५ मीटर.

येथे थांबलो तर उत्तरेच्या आकड्यात साडेसहा किलोमीटरांची चूक राहील. का बरे? नकाशाच्या पुस्तकात उत्तर गोलार्धाचा नकाशा काढा. अक्षवृत्ते सरळ रेषा नसून दोन्ही टोकांना ध्रुवाकडे वर वळलेली दिसतील. जाळीच्या आडव्या रेषा मात्र सरळ. म्हणून मधल्या रेखावृत्तापासून अक्षवृत्ताला धरून पूर्वेकडे अडीचशे किलोमीटर चालत गेलेला माणूस जाळीच्या रेषेपासून हळूहळू वर चढतो. कॅस्टरपर्यंत तो ६,४८९ मीटर चढलेला असतो. शिवाय तो वळणाच्या वाटेने गेल्यामुळे त्याचे सरळ पूर्वेकडील अंतर सुमारे १११ मीटरांनी कमी भरते, तर नळीच्या ताणामुळे ६५ मीटरांनी वाढते. बारीकसारीक पदे धरून एकंदर ४६.६ मीटर वजा. (कॅलक्युलेटर हाताशी असेल तर असे पाहा: अक्षवृत्ताच्या वळणाची त्रिज्या येथे सुमारे ४,८७६ किलोमीटर आहे. २५१.४५६ चा वर्ग करून दुप्पट त्रिज्येने भागा. वरच्या साडेसहा किलोमीटरांचा उगम दिसेल.)

तेव्हा पूर्वेकडे २,५१,४०९.९ आणि उत्तरेकडे ४,१३,१७७.३ मीटर. आता शेवटची युक्ती. खरा आरंभबिंदू धरला तर पश्चिम ब्रिटनचे सगळे आकडे ऋण येतील. ते टाळण्यासाठी पूर्वेच्या आकड्यात ४ लाख मिळवतात, आणि उत्तरेचा आकडा मुख्य भूमीवर दहा लाखांच्या आत राहावा म्हणून त्यातून १ लाख वजा करतात. कॅस्टरचे अंतिम आकडे: पूर्व ६,५१,४०९.९ आणि उत्तर ३,१३,१७७.३. पुस्तिकेतले उत्तर हेच आहे.

एवढे मोठे आकडे दूरध्वनीवर कोण सांगणार? म्हणून शंभर किलोमीटर बाजूच्या प्रत्येक चौरसाला दोन इंग्रजी अक्षरे दिली आहेत. पहिले अक्षर पाचशे किलोमीटरांच्या मोठ्या चौरसाचे. दुसरे त्याच्या आतल्या पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस चौरसांपैकी एकाचे. अक्षरे सव्वीस आणि घरे पंचवीस, म्हणून आय हे अक्षर गाळले आहे. कॅस्टर टी या मोठ्या चौरसात पडते. त्यात डावीकडून दुसरे आणि वरून दुसरे घर जी चे. म्हणून टीजी. मग उरलेल्या आकड्यांतून, म्हणजे ५१४०९ आणि १३१७७ यांतून, पहिले तीन-तीन घेतले की झाला टीजी ५१४ १३१. आठ आकडी हवा तर टीजी ५१४० १३१७. येथे शेजारच्या आकड्यात पूर्णांक करायचे नसतात, नुसते कापायचे असतात. कारण हा संदर्भ बिंदूचा नसून चौरसाचा आहे, आणि चौरस ओळखला जातो तो त्याच्या नैऋत्येच्या कोपऱ्याने. सहा आकडी संदर्भ शंभर मीटरांचा चौरस सांगतो, आठ आकडी दहा मीटरांचा. काही प्रोग्राम उलट जाताना खूण कोपऱ्यावर टोचतात आणि बघणाऱ्याला वाटते की माणूस तेथेच आहे. खूण चौरसाच्या मध्यावर टोचावी, असे माझे मत.

उलट जाणे, म्हणजे मीटरवरून अंशांवर येणे, थोडे मजेचे आहे. उत्तरेकडील अंतरावरून अक्षांश थेट काढता येत नाही, कारण चपट्या पृथ्वीवर प्रत्येक अंशाची लांबी वेगळी. म्हणून संगणक आधी एक अक्षांश अंदाजाने धरतो, त्याचे अंतर काढतो, किती फरक पडला ते पाहतो, अंदाज सुधारतो, पुन्हा अंतर काढतो. फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा कमी झाला की थांबतो. चार-पाच फेऱ्यांत काम होते. वर्गमूळ अंदाजाने काढताना आपणही हेच करतो.

आता विद्यार्थ्याच्या १३४ मीटरांकडे वळू. वरच्या उदाहरणात मी मुद्दाम "नकाशाच्या हिशेबाने अक्षांश-रेखांश" असे म्हटले. कॅस्टरच्या त्याच बिंदूवर उपग्रहांकडून जागा घ्या. उत्तर येईल ५२ अंश ३९ मिनिटे २८.८३ सेकंद उत्तर, १ अंश ४२ मिनिटे ५७.८७ सेकंद पूर्व. अक्षांशात १.५८ सेकंदांचा फरक, रेखांशात ६.६५ सेकंदांचा. जमिनीवर हा फरक उत्तरेकडे ४९ मीटर आणि पश्चिमेकडे १२५ मीटर. पायथागोरसला विचारा, एकूण १३४! मोबाइलचे आकडे जसेच्या तसे वरच्या गणितात घातले तर टीजी ५१४० १३१७ ऐवजी टीजी ५१२८ १३२१ असे उत्तर येते. अगदी नेमके, अगदी आत्मविश्वासाने दिलेले, आणि चराच्या पलीकडचे.

एकाच जागेचे दोन अक्षांश? होय, कारण अक्षांश-रेखांश हे पृथ्वीवर कोरलेले नाहीत. पृथ्वीचा आकार आधी गृहीत धरावा लागतो, तो अवकाशात कुठेतरी बसवावा लागतो, आणि मग त्या कल्पित आकारावर कोन मोजावे लागतात. या गृहीत मांडणीला डेटम म्हणतात. मराठीत 'आधार' म्हणू. ब्रिटनच्या नकाशाचा आधार म्हणजे जॉर्ज बिडेल एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३० साली सुचवलेला चपटा गोल. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,५६३ मीटर. उपग्रहांचा आधार १९८४ चा, त्याची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. म्हणजे एअरीची पृथ्वी ५७४ मीटरांनी लहान. त्या काळी कोन आणि साखळ्यांनी मापलेल्या पृथ्वीसाठी ही चूक दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. मला तरी ती चूक म्हणवत नाही. एअरीचा गोल ब्रिटनच्या जमिनीशी नीट जुळेल असा बसवला होता, साऱ्या पृथ्वीशी नव्हे. त्यामुळे त्याचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या वस्तुमानकेंद्रापासून सुमारे ७०० मीटर दूर पडते. उपग्रह मात्र वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. त्यांना दुसरे केंद्र ठाऊकच नाही.

म्हणून खरे रूपांतर तीन पायऱ्यांचे आहे. उपग्रहाचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या केंद्रापासून क्ष, य, झ ही तीन अंतरे काढायची. ती नव्या केंद्राकडे सरकवायची: ४४६ मीटर, १२५ मीटर, ५४२ मीटर, योग्य त्या चिन्हांनी. शिवाय तिन्ही अक्षांभोवती एका सेकंदाहूनही कमी कोनांनी फिरवायचे, आणि दहा लाखांत वीस भागांनी मोठे करायचे. तीन सरकणी, तीन फिरक्या आणि एक प्रमाण अशा या सात संख्या. मग उलट अक्षांश-रेखांश काढून वरच्या गणितात घालायचे. विद्यार्थ्याने ही मधली पायरी गाळली होती. नकाशाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक मांडणीला एक क्रमांक असतो. उपग्रहाच्या अक्षांश-रेखांशांचा ४३२६, एअरीच्या आधारावरील अक्षांश-रेखांशांचा ४२७७, ब्रिटिश जाळीचा २७७००. दोन्हीकडे अंशच दिसतात, म्हणून ४३२६ चे आकडे ४२७७ चे समजून घातले तरी संगणक तक्रार करीत नाही. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर निदान चूक लगेच दिसते: कॅस्टर सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागरात जाते! १३४ मीटरांची चूक दिसत नाही. म्हणूनच ती घातक.

दहा लाखांत वीस हा आकडा कुठून आला, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३६ साली ब्रिटनने नव्याने त्रिकोणमापन सुरू केले. डोंगरमाथ्यांवर सिमेंटचे हजारो खांब उभारून त्यांच्यातले कोन मोजले गेले. ते काम १९६२ पर्यंत चालले. कोनांवरून त्रिकोणाचा आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. त्यासाठी निदान एक बाजू मोजावी लागते. नव्या नकाशांचे जुन्यांशी जुळावे म्हणून मोठेपणा घेतला तो एकोणिसाव्या शतकातल्या त्रिकोणमापनातील ११ जुन्या ठिकाणांवरून. जुन्या मापांतली बारीक चूक नव्या जाळीत कायमची शिरली: प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर. आणि ती सगळीकडे सारखीही नाही. त्रिकोणांची जाळी कुठे जरा ओढलेली, कुठे जरा दबलेली आहे. म्हणून सात संख्यांनी केलेले रूपांतर सुमारे पाच मीटरांपर्यंत चुकू शकते. भटकणाऱ्याला ते पुरे आहे. गटाराची वाहिनी शोधून खणणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेने एक कोष्टकच केले आहे. देशभर दर किलोमीटरला एक, असे ७०१ गुणिले १,२५१ बिंदू. प्रत्येकापुढे किती पूर्वेला आणि किती उत्तरेला सरकायचे ते दिलेले. मधल्या जागेसाठी चौरसाच्या चार कोपऱ्यांवरून प्रमाणाने किंमत काढायची, लॉगच्या कोष्टकात आपण काढत असू तशी. २०१६ साली हे कोष्टक सुधारले गेले. त्याने जागा सुमारे दहा सेंटिमीटरांपर्यंत जुळते.

ग्रिनिचला गेलेल्या पाहुण्यांचीही अशीच फसगत होते. जमिनीत बसवलेल्या शून्य रेखावृत्ताच्या पट्टीवर उभे राहून मोबाइल पाहावा तर तो शून्य दाखवत नाही. शून्य सापडते १०२ मीटर पूर्वेला. तेथले कारण अधिक भौतिकशास्त्राचे आहे. एअरीची दुर्बीण ओळंब्याच्या दिशेवर बसवली होती, आणि तेथला ओळंबा आसपासच्या जमिनीतील वस्तुमानाच्या असमान वाटणीमुळे किंचित कलतो. उपग्रहांच्या मांडणीत ओळंबा नाहीच.

आणि आपल्याकडे? एअरीने आपला गोल सुचवला त्याच १८३० साली भारतात जॉर्ज एव्हरेस्ट यांनीही एक गोल सुचवला. विल्यम लँबटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेल्या महात्रिकोणमापनाच्या आधारे तो काढला होता. त्याची त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर, म्हणजे एअरीहूनही लहान. एकाच वर्षीच्या दोन पृथ्वी! भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्टच्या गोलावर आहेत. त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूर येथे आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीचे नवे नकाशे उपग्रहांच्याच आधारावर निघू लागले. तेव्हा तुमच्या शाळेच्या भूगोलाच्या कपाटात जुना नकाशा असेल, आणि त्यावर मोबाइलचे आकडे टाकून एखादी विहीर शोधाल, तर तेथेही हीच फसगत होईल. आमच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या सहलीत ती दोनदा झाली आहे.

आपल्या जुन्या नकाशांचे क्रमांक मात्र मीटरवर नसून थेट अंशांवर बेतलेले आहेत. ४७ क्रमांकाचा ताव ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश एवढा. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग. त्यांना इंग्रजी ए पासून पी पर्यंत अक्षरे, वायव्येच्या कोपऱ्यापासून खाली उतरत, मग पुढचा स्तंभ. प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा, त्याच क्रमाने १ ते १६. पुणे शहराचे मध्य १८ अंश ३१ मिनिटे उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व. ते ४७ एफ/१४ मध्ये पडते, पडताळून पाहा. मग आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन त्याचा क्रमांक काढा. ४७ च्या तावात गाव नसेल, तर पूर्वेकडे विदर्भात ५५ चा ताव लागेल: ७६ ते ८० पूर्व, २० ते २४ उत्तर.

विद्यार्थ्याला मी फक्त दोन आकडे कळवले, ४३२६ आणि ४२७७. तासाभरात त्याचे उत्तर आले. मधली पायरी घातल्यावर खूण चराच्या अलीकडे आली होती. मंडळातल्या जुन्या खुणाही त्याने बदलून घेतल्या आहेत, आणि आता तो प्रत्येक संदर्भ एकदा कागदी नकाशावर बोट ठेवून पाहतो.